ताम्रपत्रावरील वियोग : दानिएल खोदोव्येत्स्की यांचे चरित्र



मागील घटकात आपण अठराव्या शतकातील युरोपीय भावविवश कादंबरीचा परिचय करून घेतला. रिचर्डसनची क्लॅरिसा, रूसोची ज्यूली आणि गटेचा वेर्थर ही तीन नावे एव्हाना तुमच्या वहीत उतरली असतील. प्रस्तुत घटकात मात्र आपण एखाद्या कादंबरीकाराचे चरित्र पाहणार नाही. त्या कादंबऱ्यांतील दुर्दैवी प्रेमिकांना ज्याने चेहरे दिले, त्यांच्या अंगावर कपडे चढवले, त्यांना बसायला खुर्च्या आणि रडायला खोल्या दिल्या, अशा एका चित्रकाराचे चरित्र आपण पाहणार आहोत.

मराठीच्या अभ्यासक्रमात चित्रकाराचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येईल आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी क्षणभर पुस्तक मिटा आणि शकुंतला डोळ्यांपुढे आणा. तुमच्यापैकी अनेकांना पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहणारी तरुणी दिसली असेल. ती कालिदासाच्या शब्दांतून थेट आलेली नाही. ती राजा रविवर्म्याच्या चित्रातून आलेली आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेल्या त्याच्या छापखान्यामुळे अशी चित्रे घरोघरच्या भिंतींवर पोचली. साहित्यकृती आणि वाचक यांच्यामध्ये चित्र असे येऊन बसते, आणि एकदा बसले की उठत नाही. युरोपात हे काम रविवर्म्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी तळहातात मावणाऱ्या चित्रांनी केले. त्या चित्रकारांपैकी जर्मन भाषकांच्या प्रदेशातील सर्वांत लोकप्रिय नाव म्हणजे दानिएल खोदोव्येत्स्की.

नावाविषयी आणि भाषेविषयी

या नावाशी मराठी जीभ अडखळते, हे मान्य. पण भाषेचा अभ्यासक या नात्याने मला ते नाव फार बोलके वाटते. आडनाव पोलिश आहे. वडील गॉटफ्रीड हे धान्याचे व्यापारी असून त्यांचे घराणे पोलिश होते. आई हेन्रिएत आयरर हिच्याकडून ह्यूगनॉटांचा, म्हणजे धर्मछळामुळे फ्रान्स सोडून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांचा वारसा आला होता. दानिएलचा जन्म १६ ऑक्टोबर १७२६ रोजी डान्त्सिग येथे झाला. हे बंदर आज ग्दान्स्क या नावाने पोलंडमध्ये आहे. त्या काळी ते पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होते, पण रस्त्यावरची भाषा जर्मन होती. खोदोव्येत्स्की यांनी आयुष्यभर दैनंदिनी लिहिली ती फ्रेंचमध्ये, पोट भरले ते जर्मन पुस्तकांवर, आणि उतारवयातही आपण पोलिश असल्याचा अभिमान त्यांनी एका पत्रात आवर्जून व्यक्त केला. बेळगाव-कारवारकडच्या ज्या घरांत मराठी, कानडी आणि कोकणी एकाच उंबरठ्याच्या आत नांदतात, तेथील विद्यार्थ्यांना यात काही नवल वाटणार नाही. नवल वाटते ते पुढच्या पिढ्यांतील इतिहासकारांना. त्यांना प्रत्येक माणूस एकाच राष्ट्राच्या खात्यावर मांडायचा असतो, आणि खोदोव्येत्स्की यांच्या बाबतीत जर्मन व पोलिश अभ्यासकांत अशी ओढाताण झालेली आहे.

दुकानातील मुलगा

वडील व्यापार सांभाळून हौसेखातर लघुचित्रे काढीत. दानिएल आणि त्याचा भाऊ गॉटफ्रीड यांनी कुंचला पहिल्यांदा धरला तो घरातच. १७४० मध्ये वडील वारले तेव्हा दानिएल चौदा वर्षांचाही नव्हता. आईवर मुलांचा भार आला आणि मुलगा किराणा दुकानात उमेदवारीला लागला. दिवसभर तराजू, रात्री कागद, असा तो क्रम होता. १७४३ मध्ये त्याला बर्लिनला मामाकडे पाठवण्यात आले. मामाचे दुकान शोभिवंत धातुवस्तूंचे व किरकोळ चैनीच्या जिनसांचे होते. तपकिरीच्या डब्यांवर मुलामा देऊन त्यावर चित्रे काढण्याची त्या काळी मोठी चलती होती. भाच्यांच्या हातात कला आहे हे पाहून मामाने त्यांना हे काम शिकवण्याची व्यवस्था केली, आणि ते डबे दुकानात विकले जाऊ लागले.

ही माहिती केवळ बालपणाचे कष्ट सांगण्यासाठी दिलेली नाही. तपकिरीच्या डबीचे झाकण केवढे असते? त्यावर दोन माणसे, एक झाड आणि एक कटाक्ष बसवायचा, तर काय ठेवावे आणि काय गाळावे याचा निर्णय फार लवकर घ्यावा लागतो. कलाशाळेचे तोंडही न पाहिलेल्या या मुलाचे खरे शिक्षण त्या झाकणांवर झाले. १७५४ च्या सुमारास त्यांनी मामाचे दुकान सोडले आणि स्वतंत्र चित्रकार म्हणून ते काम करू लागले. १७५५ मध्ये त्यांचा विवाह बर्लिनमधील फ्रेंच वसाहतीतील झान बारेझ हिच्याशी झाला. तिचे वडील जरीकाम करणारे होते.

खोदोव्येत्स्की यांना तैलचित्रकार व्हायचे होते. मोठ्या आकाराची, इतिहासातील थोर प्रसंगांची चित्रे काढणारा तो खरा चित्रकार, अशी त्या शतकाची समजूत होती आणि त्यांचीही तीच होती. ताम्रपत्राकडे ते तिशीच्या उंबरठ्यावर वळले, तेही कोणी गुरू नसताना, स्वतःच चाचपडत.

ताम्रपत्रावर चित्र कसे उमटते

येथे थोडे थांबून तंत्र समजून घेऊ. मराठीत ताम्रपट म्हटले की शिलाहारांची वा यादवांची दानपत्रे आठवतात. तेथे अक्षर छिन्नीने खोदलेले असते आणि वाचायचे असते ते तांब्यावरच. येथे मात्र तांबे हे साध्य नसून साधन आहे. खोदोव्येत्स्की यांची पद्धत मुख्यतः अम्लरेखनाची होती. गुळगुळीत घासलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात आणि धुराने तो काळा करतात. त्यावर सुईने चित्र काढायचे. सुई तांबे कापत नाही, ती फक्त थर खरवडून तांबे उघडे करते. मग पत्रा आम्लात धरला की उघडी पडलेली रेषा आम्ल खाते. रेषा फिकी हवी तर लवकर बाहेर काढायचे, गडद हवी तर अधिक वेळ ठेवायचे. शेवटी थर पुसून, रेषांत शाई भरून, पत्र्याचा पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि सर्व काही रुळांच्या दाबयंत्रातून काढायचे.

यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली अशी की, छापलेले चित्र उलटे येते. पत्र्यावर उजव्या हातात सुरी दिली तर कागदावर ती डाव्या हातात जाते. म्हणून चित्रकाराला सतत आरशातल्या जगात विचार करावा लागतो. दुसरी अशी की, तांबे झिजते. काही हजार प्रती निघाल्या की बारीक रेषा पुसट होतात आणि पत्रा पुन्हा दुरुस्त करावा लागतो किंवा नवा करावा लागतो. पहिल्या प्रती आणि शेवटच्या प्रती यांत डोळ्यांतील पाण्याचा फरक असू शकतो, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. गालावरची एवढीशी रेषाच नाहीशी झालेली असते.

सुईने थरावर काढणे हे कागदावर लेखणी चालवण्याइतके मोकळे असते. लोखंडी छिन्नीने तांबे कोरणाऱ्या कारागिराला ते स्वातंत्र्य नसते. खोदोव्येत्स्की यांना ही मोकळीक मानवली. उभ्याने, चालताना, घोड्यावर बसल्या बसल्या, इतकेच नव्हे तर किल्लीच्या भोकातून पाहूनही आपण रेखाटने केली आहेत, असे त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवले आहे. माणसे आपल्याकडे कोणी पाहत नाही असे समजून ज्या रीतीने बसतात, ती रीत त्यांना टिपायची होती.

कालास कुटुंबाचा निरोप

त्यांना कीर्ती मिळाली ती मात्र एका खऱ्या शोकांतिकेमुळे. फ्रान्समधील तुलूज येथे झाँ कालास नावाचा प्रॉटेस्टंट कापडव्यापारी राहत होता. १७६१ च्या ऑक्टोबरात त्याचा थोरला मुलगा घरात गळफास लागलेल्या अवस्थेत आढळला. मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याला मारले, अशी आवई उठली. न्यायालयाने ती खरी मानली आणि १० मार्च १७६२ रोजी त्या वृद्धाला चाकावर हाडे मोडून ठार करण्यात आले. पुढे व्हॉल्तेअरने हे प्रकरण युरोपभर गाजवले आणि १७६५ मध्ये कालास निर्दोष असल्याचे जाहीर झाले. पण तोवर त्याला जाऊन तीन वर्षे झाली होती.

पॅरिसमध्ये त्या कुटुंबाच्या मदतीसाठी एक छापील चित्र विकले जात होते. त्यात सुटकेची वाट पाहणारी कालासची विधवा व तिची मुले होती. ते खोदोव्येत्स्की यांच्या हाती आले. ज्यांचे मातुल घराणे अशाच छळातून देशोधडीला लागले होते, त्यांच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला असेल हे सांगायला नको. त्यांनी त्याची तैलरंगात प्रतिकृती केली, आणि मग त्याला जोड म्हणून स्वतःच्या कल्पनेने दुसरा प्रसंग रंगवला. तुरुंगाच्या खोलीत, मृत्यूकडे जाण्यापूर्वी, बाप आपल्या कुटुंबाचा निरोप घेत आहे. १७६७ मधील हे चित्र पाहायला बर्लिनकरांची रीघ लागली. लोकांनी त्याची छापील प्रत मागितली आणि खोदोव्येत्स्की यांनी स्वतःच ते तांब्यावर उतरवले.

माझ्या मते त्यांच्या पुढील सर्व कामाचे बीज या एका चित्रात आहे. रणांगण नाही, राजवाडा नाही. एक बंद खोली आणि तीत एकमेकांपासून तुटणारी माणसे आहेत. पण पाहा, दैव किती वक्र असते! ज्या तैलचित्राने आपण मोठे चित्रकार ठरू अशी आशा त्यांनी धरली असावी, त्याच्याच छापील प्रतीने त्यांना जन्मभर तांब्याला जखडून टाकले.

पंचांगातील प्रेमिक

बर्लिनच्या विज्ञान अकादमीकडे प्रशियात पंचांगे छापण्याचा मक्ता होता आणि त्या उत्पन्नावर अकादमी चालत असे. ही पंचांगे आपल्या दाते पंचांगासारखी नव्हेत. खिशात मावणारी, राजघराण्यांच्या वंशावळी व टपालगाड्यांच्या वेळा देणारी, सुबक बांधणीची ती पुस्तिका असे. १७७० सालच्या पंचांगासाठी खोदोव्येत्स्की यांनी लेसिंगच्या मिना फॉन बार्नहेल्म या नाटकावर बारा चित्रे केली. नाटक सुखान्त, समकालीन, लोकांच्या ओळखीचे. पात्रे रोमन झग्यांत नव्हती, बर्लिनच्या दिवाणखान्यात दिसणाऱ्या कपड्यांत होती. ही पुस्तिका लोकांनी उचलून धरली आणि तेव्हापासून प्रकाशकांची रांग त्यांच्या दाराशी लागली ती अखेरपर्यंत हटली नाही.

खोदोव्येत्स्की हे या क्षेत्रातील पहिले नव्हेत, हेही नमूद केले पाहिजे. १७६१ मध्ये रूसोच्या ज्यूलीसाठी ग्राव्हलो या फ्रेंच चित्रकाराने बारा चित्रे केली होती. प्रत्येक चित्रात कोण कोठे उभे असावे, कोणाच्या चेहऱ्यावर कोणता भाव असावा, याच्या सूचना खुद्द रूसोने लिहून दिल्या होत्या. लेखकाला चित्राची किती धास्ती वाटते, याचा हा उत्तम पुरावा आहे. खोदोव्येत्स्की यांनीही पुढे याच कादंबरीवर पंचांगासाठी चित्रमाला केली. गोल्डस्मिथच्या व्हिकर ऑफ वेकफील्डवर केली, आणि आयुष्याच्या अखेरच्या दशकात क्लॅरिसाच्या नव्या जर्मन भाषांतरासाठीही केली. मिलर या लेखकाच्या सीगवार्टचे नाव आज जर्मनीतही फारसे कोणी घेत नाही. त्यात ताटातूट झालेला नायक संन्यासी होतो, एका मरणासन्न साध्वीला धीर देण्यासाठी त्याला बोलावतात, ती आपली प्रियाच असल्याचे त्याला कळते, आणि पुढे तो तिच्या थडग्यावर प्राण सोडतो. १७७७ च्या आवृत्तीत खोदोव्येत्स्की यांची चित्रे होती. कादंबरी विस्मरणात गेली, चित्रे अजून संग्राहक जपतात.

वेर्थर आणि लोटे

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. गटे आपल्याला शाकुंतलाचा चाहता म्हणून माहीत असतो. त्या आधीचा, पंचविशीतला गटे वेगळा होता. १७७२ मध्ये वेत्झलार या गावी येरुझालेम नावाच्या त्याच्या ओळखीच्या तरुणाने दुसऱ्याच्या पत्नीवरील विफल प्रेमापायी स्वतःवर गोळी झाडून घेतली. पिस्तुले त्याने केस्टनर या गृहस्थाकडून प्रवासाचे निमित्त सांगून मागून आणली होती. त्याच केस्टनरच्या वाग्दत्त वधूवर, शार्लोट बुफवर, गटे स्वतः प्रेम करीत होता. या दोन हकिकती एकत्र विणून त्याने १७७४ मध्ये तरुण वेर्थरची कथा लिहिली. पुस्तक युरोपभर वणव्यासारखे पसरले. तरुण मुले निळा कोट आणि पिवळे जाकीट घालून हिंडू लागली. ती आत्महत्येचेही अनुकरण करतील या भयाने लायप्झिगच्या नगरसभेने १७७५ मध्ये पुस्तकाच्या विक्रीवर, एवढेच नव्हे तर त्या वेशावरही, बंदी घातली.

पहिल्या आवृत्तीत पात्रांची चित्रे नव्हती. ती दिली खोदोव्येत्स्की यांनी, आणि कोणासाठी? बर्लिनच्या हिंबुर्ग या प्रकाशकासाठी. त्याने गटेला न विचारता त्याचे लेखन छापले होते. त्या काळी एका राज्यातील पुस्तक दुसऱ्या राज्यात खुशाल छापता येई. वर हिंबुर्गने गटेला मोबदला म्हणून थोडी बर्लिनची चिनीमातीची भांडी देऊ केली, आणि गटे किती संतापला हे त्याच्या आत्मचरित्रात वाचायला मिळते. खोदोव्येत्स्की यांची रेखाटने बहुधा दानिएल बर्गर हा कारागीर तांब्यावर कोरी. वेर्थरच्या फ्रेंच भाषांतरालाही त्यांची चित्रे लाभली.

या चित्रांपैकी दोन प्रसंगांकडे मी तुमचे लक्ष वेधतो. पहिला लोटेच्या प्रथमदर्शनाचा. वेर्थर दारात येतो तेव्हा ती भावंडांच्या घोळक्यात उभी राहून पाव कापून प्रत्येकाला देत असते. आई गेलेल्या घरात थोरल्या बहिणीने आई व्हावे, यात मराठी वाचकाला परके असे काय आहे? चित्रकाराने येथे प्रेमाचा कसलाही देखावा केला नाही. घरकाम दाखवले. हा प्रसंग पुढे शंभर वर्षे चित्रकारांनी पुन्हा पुन्हा रंगवला, इंग्रज कादंबरीकार थॅकरेने त्याची थट्टा करणारी कविता लिहिली, मास्नेच्या १८९२ च्या संगीतिकेत तो रंगभूमीवर आला. अमुक एक कादंबरी म्हणजे अमुक एक चित्र, हे समीकरण असे रूढ होते.

दुसरा प्रसंग कादंबरीच्या शेवटाजवळचा. वेर्थरचा नोकर प्रवासासाठी पिस्तुले मागायला येतो. नवरा सहज देऊन टाक म्हणतो. लोटेला शंका आहे, पण ती बोलू शकत नाही. ती पिस्तुले खाली काढते आणि नोकराच्या हाती देते. आपल्यापुढे एक स्त्री, एक नोकर आणि देण्याची साधी कृती एवढेच येते. वेर्थरच्या मरणात तिचा हात कसा गुंतला, हे गटेला सांगायला पाने लागली. चित्रात ते एका हाताच्या हालचालीत आले आहे. कालासच्या तुरुंगाप्रमाणेच येथेही खरी शिक्षा घरच्या माणसांसमोर, घरच्या माणसांच्या हातून घडते.

आता एक गंमत. बर्लिनचा निकोलाय हा प्रकाशक-लेखक बुद्धिवादी होता. त्याला वेर्थरचे रडगाणे मुळीच रुचले नाही. त्याने १७७५ मध्येच एक विडंबन लिहिले. त्यात पिस्तुलात कोंबडीच्या रक्ताची पिशवी भरलेली असते, वेर्थर मरत नाही, लोटेशी लग्न करतो आणि संसाराला लागतो. या विडंबनाच्या मुखपृष्ठावरचे चित्रही खोदोव्येत्स्की यांचेच होते! गटेला पुस्तकाची शिसारी आली, पण ते नाजूक चित्र त्याला इतके आवडले की त्याने ते कापून घेऊन आपल्या आवडत्या चित्रांच्या संग्रहात ठेवले.

एकाच चित्रकाराने रडणाऱ्याचीही आणि हसणाऱ्याचीही बाजू घ्यावी, याला काही अभ्यासक निव्वळ पोटार्थीपणा म्हणतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. पाच मुलांच्या बापाला काम नाकारणे परवडत नाही हे खरेच. पण १७८० च्या सुमारास त्यांनी लिख्टेनबर्ग या विचारवंताच्या पंचांगासाठी केलेली एक माला पाहा. तीत सहज वागणे आणि नाटकी वागणे यांच्या जोड्या आहेत. एका चित्रात एक जोडपे निसर्गासमोर शांत उभे आहे. शेजारच्या चित्रात तसेच जोडपे हात पसरून, माना टाकून आपण किती भारावलो आहोत हे जगाला दाखवीत आहे. कलावस्तू पाहणाऱ्यांचीही अशीच जोडी आहे. दुःखाविषयी नव्हे, दुःखाच्या प्रदर्शनाविषयी त्यांचे मत काय होते, हे यावरून स्पष्ट दिसते. म्हणूनच वेर्थरची चित्रे काढताना त्यांनी लोटेच्या हातात पाव दिला. या जोड्या मिळाल्या तर जरूर पाहा. मराठी रंगभूमीवरील अभिनयाचा विचार करतानाही त्या उपयोगी पडतील.

आईची भेट

या सर्व धामधुमीत एक गोष्ट राहून गेली होती. १७४३ मध्ये घर सोडल्यापासून ते आईला भेटले नव्हते. १७७१ मध्ये त्यांनी आपल्या घराचे एक अम्लरेखन करून तिला अर्पण केले. टेबलाभोवती झान आणि मुले बसली आहेत, आणि खिडकीशी बसून चित्रकार आपल्या कामावरून त्यांच्याकडे पाहत आहे. ज्या सुना-नातवंडांना आजीने पाहिले नव्हते, ती तिला छापून पाठवली गेली. आजच्या दूरध्वनीवरील छायाचित्रांच्या काळात याचे मोल समजायला थोडा प्रयास पडतो.

जून १७७३ मध्ये मात्र त्यांनी घोडा घेतला आणि बर्लिनहून डान्त्सिगकडे निघाले. आदल्याच वर्षी पोलंडची पहिली फाळणी झाली होती आणि त्यांचे जन्मगाव चहूबाजूंनी प्रशियाच्या मुलखाने वेढले गेले होते. म्हणजे ते ज्या राजाच्या राजधानीत प्रतिष्ठा पावले होते, त्याच राजाने त्यांच्या गावाची नाकेबंदी केलेली. दैनंदिनीत ते यावर फार बोलत नाहीत. ते खाणावळी, फुटलेले पूल, घोड्याचे खूर आणि वाटेत भेटलेली माणसे टिपतात. या प्रवासातील रेखाटने १०८ आहेत. आई आणि बहिणी घरातच लहान मुलांची शाळा चालवीत होत्या. तीस वर्षांनी मुलगा दारात उभा राहतो तो या मुलांच्या गलबल्यात. त्या भेटीचेही त्यांनी चित्र काढले. मुलांचा घोळका, मधे घर सांभाळणारी स्त्री आणि दारातून आत येणारा पुरुष. पुढे दोन वर्षांनी लोटेचे चित्र काढताना त्यांच्या डोळ्यांपुढे हे दार नसेलच, असे मला म्हणवत नाही. हा माझा तर्क आहे. परीक्षेत तो तर्क म्हणूनच लिहा.

अखेरची वर्षे

१७६४ पासून ते बर्लिनच्या कला अकादमीचे सदस्य होते. ही संस्था मरगळलेली होती, आणि तिच्या सुधारणेसाठी त्यांनी बरीच खटपट केली. १७८५ मध्ये झान वारली. मुलगी सुझेत चित्रकार झाली, मुलगा विल्हेल्मही वडिलांच्या हाताखाली तांब्यावर काम शिकला. १७९७ मध्ये खोदोव्येत्स्की अकादमीचे संचालक झाले. ज्या दुकानदाराच्या पोराने कलाशाळा पाहिली नव्हती, तो सत्तरीत कलाशाळेचा प्रमुख झाला. पण मोठी इतिहासचित्रे राहिलीच. त्यांनी जर्मन इतिहासावर चित्रे केली, तीही तांब्यावर आणि छोटी. खरे सांगायचे तर ती निर्जीव आहेत. वीरपुरुष त्यांच्या सुईला कधी साधले नाहीत. उतारवयातील कामात पुनरावृत्तीही फार आहे. दर वर्षी बारा-बारा चित्रांच्या माला, दिव्याच्या उजेडात रात्ररात्र बसून केलेल्या, त्यांत तीच खुर्ची आणि तेच दार पुन्हा भेटत राहते.

आणखी एक लकब सांगण्याजोगी आहे. मुख्य चित्र झाले की पत्र्याच्या मोकळ्या कडेवर ते सहज काहीतरी खरडीत. एखादे मुंडके, कुत्रा, झाडाची फांदी. छपाईपूर्वी हे घासून टाकायचे असे. पण काही प्रती आधीच निघालेल्या असत आणि संग्राहक त्यांसाठी दामदुप्पट मोजीत. मग खोदोव्येत्स्की जाणूनबुजून अशा प्रती काढू लागले. दुकानात वाढलेल्या मुलाला गिऱ्हाईक कळते!

१८५७ मध्ये एंगेलमान यांनी त्यांच्या छापील चित्रांची सूची सिद्ध केली. तीत २००० हून अधिक चित्रे आहेत. एकेका पत्र्यावर बारा-बारा प्रसंग असल्यामुळे पत्र्यांची संख्या त्याहून पुष्कळ कमी भरते, हे सूची चाळताना ध्यानात ठेवा.

७ फेब्रुवारी १८०१ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. तेथील फ्रेंच दफनभूमीत, आईच्या भाषेच्या माणसांमध्ये, त्यांना पुरण्यात आले. डान्त्सिगच्या प्रवासातील रेखाटने त्यांनी विकण्यासाठी काढलीच नव्हती. ती घरात राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत आई आहे, बहिणी आहेत, शाळेतली मुले आहेत, आणि दारात नुकताच पोचलेला एक माणूस आहे.